दिव्याचा फ्यूज

रूपीनगर,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. गणराज यास आशीर्वाद.

हे लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. गुढीपाडव्याला ताटावरून उठताना मी म्हणालो होतो की यापुढे तुझ्याशी बोलणार नाही, आणि मी ते पाळतो आहे. पण काल आईनं आपल्या दोघांचेही निरोप बंद केले. मी तिला एवढंच म्हणालो, "वर सांग, पेट्रोल रिझर्व्हला आलंय." तर लाटणं हातातच धरून माझ्यावर आली. "मी काय पोस्टमन हाय का रं? एक खाली, एक वर, मधी जिना चढून चढून माझ्या गुडघ्याचं पीठ झालं. काय आसंल ते लिहून गाडीच्या डब्यात टाका. गाडी तर दोघांची एकच हाय ना!"

म्हणून हा कागद टूलबॉक्समध्ये ठेवतो आहे. पान्यांच्या वर ठेवलाय, खाली ऑइल आहे.

मुद्द्यावर येतो. आज सकाळी तळवड्याच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर मला वास आला. रबर जळल्याचा वास मला झोपेतही कळतो. गाडी बाजूला घेतली, साइड पॅनल काढलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हला एकाच स्क्रूखाली तीन वायरी, नुसत्या पिळलेल्या. एक तुझ्या मोबाइलच्या चार्जरची, एक त्या एलईडी दिव्याची, एक हॉर्नची. टोकाला दाबून बसवायचा लग नाही, वर रबरी स्लीव्ह नाही, टेप लावलीय ती पण सुटत आलेली. आणि तिन्हींत मिळून एकही फ्यूज नाही. दिव्याची वायर पेट्रोलच्या टाकीखालून नेली आहेस. तिथं तिचं कव्हर वितळून चिकट झालंय. गणराज, टाकीखाली! चोवीस वर्षांची गाडी आहे, टाकीचा कॉक कधी पाझरतो कधी नाही.

फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. दिवा गेला तर दिवा जातो. वायर पेटली तर गाडी जाते आणि वर बसलेला माणूसही जातो. हे मला कोणी शिकवलं नाही, मी हात भाजून शिकलो. तुला भाजायची गरज नव्हती.

तुला कंपनीत लावताना मी शब्द टाकला होता. मला न विचारता तू राजीनामा दिलास आणि लोकांच्या दारात बिर्याणी पोचवायला लागलास. तो विषय इथं काढत नाही. पण गाडी वडिलांच्या माघारी आपण दोघांनी मिळून जुनी घेतलेली आहे. सकाळी मी चाकणला नेतो, संध्याकाळी तू. ती जाळायचा हक्क एकट्याला नाही. गुरुवारपर्यंत तिन्ही वायरी काढ. नाही काढल्यास तर मी काढीन.

दौलतराव


बुधवार, १० सप्टेंबर

ती. दादांना नमस्कार, कागदावरच.

वास आला ते बरं झालं. सहा महिन्यांत माझी कसली तरी दखल तुमच्या नाकानं घेतली.

तुम्ही इंजिनिअरसारखं लिहिता, मी डिलिव्हरीवाल्यासारखं सांगतो. चार्जर का? माझा मोबाइल म्हणजे माझा मस्टर, माझा सुपरवायझर आणि माझा रस्ता. रात्री दहाला तो बंद पडला की मी वाकडच्या कुठल्या तरी टॉवरखाली हातात गरम पिशवी घेऊन उभा, आणि मी कोण हे वॉचमनलाही सांगता येत नाही. दिवा का? गाडीचा मूळचा दिवा इंजिनवर चालतो हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. सिग्नलला थांबलं की समईएवढा होतो. खड्डा दिसतो तो आत गेल्यावर. हॉर्न का? कारण जुन्या हॉर्नला ट्रकवाले शिंक समजतात.

आणि काम वाईट केलंय हे मान्य. मला ज्याच्याकडून शिकायचं होतं तो माझ्याशी बोलत नाही. म्हणून व्हिडिओ बघून केलं. व्हिडिओतला माणूस हिंदीत "बहुत आसान है" म्हणत होता.

काढायच्या तर काढा. मी अडवणार नाही. पण त्या तीन वस्तूंशिवाय मला हे काम करता येत नाही, आणि कंपनीत मी परत जाणार नाही. तिथं आठ तास एकच बोल्ट. तुम्ही सहन केलंत म्हणून मलाही जमेल असं नाही. समर्थ म्हणून माझा मित्र आहे, माझ्याच कामातला. त्याच्या वाकडच्या खोलीत एक जागा रिकामी होतेय. तुम्ही वायरी काढल्या तर मी हप्त्यावर स्कूटर घेतो आणि तिकडं जातो. मग गाडी तुमची एकट्याची. डब्यात पत्रांऐवजी भाकरी ठेवा.

आईला यातलं काही सांगू नका. म्हणजे, सांगताच कुठं म्हणा.

गणराज


रविवार, १४ सप्टेंबर

चि. गणराज यास.

गुरुवारी मी वायरी काढल्या नाहीत. फक्त बॅटरीपासून सोडवून टोकांना टेप लावली, हे तू पाहिलंच असशील. तीन रात्री तुझी अडचण झाली त्याला इलाज नव्हता.

तू वाकडला जायचं की नाही हा तुझा प्रश्न आहे. त्यावर मी काही लिहिणार नाही. पण जाईपर्यंत गाडी या घरातून जाणार-येणार आहे आणि ती धडपणे गेली पाहिजे. म्हणून मी एक ठरवलं आहे, नीट वाच.

येत्या गुरुवारी सुट्टीला मी गाडीला वेगळा फ्यूज बॉक्स बसवतो. सहा खणांचा, झाकणाचा, झाकणाला रबर असलेला. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर चिंचवडला बरकतभाईंच्या दुकानातून आणला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एकच जाड वायर निघेल. तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज, पंधरा अँपिअरचा, निळा. अंतर महत्त्वाचं आहे. फ्यूजच्या अलीकडची वायर कायम उघड्यावरच असते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. तिथून रिले, आणि रिलेतून बॉक्स. रिले चावीच्या वायरवर चालेल, म्हणजे चावी काढली की सगळं बंद. तू दिवा चालू ठेवून पाचव्या मजल्यावर गेलास तरी खाली येईपर्यंत बॅटरी उतरणार नाही.

बॉक्समधून तुझ्या तीन वस्तू वेगवेगळ्या निघतील. चार्जरला तीनचा, जांभळा. दिव्याला पाचचा, खाकी. हॉर्नला दहाचा, लाल. रंग पाठ कर. तिन्हींची निगेटिव्ह परत बॅटरीवर येईल, चेसिसच्या कुठल्याही गंजक्या बोल्टवर नाही. दिव्याची वायर टाकीखालून न जाता फ्रेमच्या कडेनं जाईल आणि हँडलपाशी तिला सैल वळसा ठेवीन, म्हणजे हँडल फिरवताना ओढ बसणार नाही.

सहांपैकी तीन खण रिकामे राहतील आणि ते रिकामेच राहायला हवेत. जागा आहे म्हणून चौथी वस्तू जोडू नकोस. मी मीटर लावून पाहिलं. या गाडीचं चार्जिंग आता थकलेलं आहे. सकाळी चाकणपर्यंत मी जेवढं भरतो तेवढंच संध्याकाळी तू खर्च करतोस. याहून जास्त ती देऊ शकत नाही. तिच्याकडून मागूही नये.

बरकतभाई म्हणाले, "दौलत, छोटे को बुला ले ना. दो हात से क्या होगा, चार लगा." मी म्हटलं, तो सकाळी झोपलेला असतो. ते म्हणाले, "तो जगा दे. भाई है, बॉस थोडी है." ते जुन्या ओळखीचे आहेत, बोलतात.

गुरुवारी किल्ली खाली ठेव.

दौलतराव


शनिवार, २० सप्टेंबर

ती. दादांना नमस्कार.

गुरुवारी मी झोपलो नव्हतो. खिडकीतून बघत होतो.

तुम्ही टाकी काढून जुन्या चादरीवर ठेवलीत, नट एका वाटीत, ती वाटी वहिनींच्या चहाच्या ट्रेमध्ये. वहिनी म्हणाल्या, "अहो, पाहुणे आले तर ट्रे कुठला देऊ?" तुम्ही म्हणालात, "पाहुण्यांना सांग, गाडीचं ऑपरेशन चाललंय." मी वर एकटाच हसलो. मग वायरीची टोकं दाबून क्रिंप करताना पक्कड निसटून गटाराच्या जाळीपाशी गेली. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून वाकलात, अर्ध्यात थांबलात आणि जिन्याकडे बघितलंत. मी मागे सरलो. खाली यायला हवं होतं. पाय उचलला पण होता. पण आलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि पहिलं कोणी बोलायचं हे आपलं ठरलेलं नाही.

काम बघितलं. खोटं लिहीत नाही, मी पॅनल उघडून पाच मिनिटं नुसता बघत बसलो. प्रत्येक वायरीच्या टोकाला स्लीव्ह, प्रत्येक स्लीव्हवर नंबर, झाकणाच्या आत तुमच्या अक्षरात चिठ्ठी. जादा फ्यूज ठेवलेत तेही बघितले. काल पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमननं दिवा बघून विचारलं, "कंपनी फिटिंग आहे का, भाऊ?" मी म्हटलं, "हो, आमच्या घरची कंपनी."

मोबाइल रात्रभर भरलेला असतो आता. दिव्यात खड्डे आधी दिसतात. हॉर्न वाजला की ट्रकवाले आरशात बघतात.

समर्थला खोलीचं अजून हो म्हटलेलं नाही. त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, बघतो.

गणराज

ता. क. पेट्रोल भरलंय. टायरची हवाही बघितलीय. तुम्ही बघणारच, पण बघितलीय.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

चि. गणराज यास आशीर्वाद.

काल दसऱ्याला तू खाली आलास, आपट्याची पानं हातावर ठेवलीस, पाया पडलास. मी डोक्यावर हात ठेवला. तोंड उघडलं नाही, तूही उघडलं नाहीस. आई मधे उभी राहून एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. नंतर स्वयंपाकघरात गेली आणि तुझ्या कस्तुरावहिनीला म्हणाली, "सोनं देतेत घेतेत, पण मुक्यानं. आसा दसरा मी कधी बघितला न्हाई बाई." कस्तुरा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "तुमचीच लेकरं आहेत."

हळद-कुंकू आणि हार मी सकाळीच केला होता. झेंडू चांगला मिळाला. तू रात्री येऊन बघितलंस की नाही माहीत नाही, पण हार हेडलाइटभोवती घट्ट बसवला आहे. मागच्या वर्षी तू दोऱ्यानं बांधला होतास तो महाळुंग्यापर्यंतसुद्धा टिकला नाही, एका टेम्पोखाली गेला. माझी बांधणी दिवाळीपर्यंत हलत नाही. दिवाळीला सुकलेला उतरवीन.

कंपनीत सध्या फार दमायला होतं. लाइनवर माणसं कमी केली आहेत, मशिनं तेवढीच. दुपारी सुटल्यावर त्या कंटेनरच्या रांगेतून घरी येतो तेव्हा खांद्यातून नुसती कळ येते. सांगायचं म्हणून सांगितलं. गाडी मात्र झकास चालते आहे.

पुरणपोळीचा एक डबा तुझ्या जिन्याच्या पायरीवर ठेवला होता, तो कस्तुरानं. मी फक्त उचलून ठेवला.

दौलतराव


रविवार, ५ ऑक्टोबर

ती. दादांना नमस्कार.

पुरणपोळी मिळाली. उचलून ठेवणाऱ्याचेही आभार.

एक अडचण आहे. दिव्याचा फ्यूज उडतो. शुक्रवारी रात्री एकदा, काल दोनदा. तुम्ही ठेवलेले दोन्ही जादा खाकी फ्यूज संपले. वाकडच्या पुलाखाली एकदम अंधार झाला, मागून येणारी कॅब थोडक्यात वाचली. म्हणजे मी वाचलो. ऑर्डर हातात होती म्हणून तात्पुरतं काहीतरी करून पुढं गेलो. तुम्ही जरा बघाल का?

तुमच्या कामात चूक आहे असं म्हणत नाही.

गणराज


मंगळवार, ७ ऑक्टोबर

गणराज,

बघितलं.

हॉर्नच्या खणातला लाल दहाचा काढून तू दिव्याच्या खणात घातला आहेस, आणि हॉर्नचा खण रिकामा. "तात्पुरतं काहीतरी" म्हणजे हे. पाचच्या जागी दहा! मग मी रंग कशासाठी पाठ करायला सांगितले? फ्यूज उडतो म्हणजे काहीतरी बिघडलंय असं तो ओरडून सांगत असतो. तू त्याचं ऐकलं नाहीस, त्याच्या जागी जास्त सहन करणारा आणून बसवलास.

दिव्याची लाइन मी सोमवारी शिफ्टनंतर उभ्या उभ्या तपासली. बॉक्स ठीक, रिले ठीक, जोड ठीक. माझ्या हातचं दोन आठवडे चाललं आणि मग एकाएकी तीनदा उडलं, याचा अर्थ एकच होतो. तू दिव्याच्या लाइनवर काहीतरी जादा जोडलंस. जादा चार्जर असेल, नाहीतर ती रंगीत पट्टी असेल, तुमच्यातली पोरं लावतात ती. आणि मला दाखवायच्या आधी काढून टाकलंस. रिकाम्या खणांना हात लावू नकोस म्हटलं होतं, तर तू भरलेल्याला लावलास.

गाडीचं सोड. मला वाटलं होतं यावेळी तू सांगितलेलं ऐकशील. कंपनीतही मी साहेबांना हेच म्हणालो होतो की माझा भाऊ आहे, सांगितलेलं ऐकतो. पुन्हा तेच. मी दमलोय रे. तुझ्यासाठी शब्द टाकून टाकून दमलोय.

तू वाकडला जायचं म्हणत होतास ना? जा. इथं राहून माझं ऐकत नाहीस, तर तिथं निदान माझ्या डोळ्यांआड तरी करशील.

खाकी फ्यूज घातला आहे. लाल जागेवर.

दौलतराव


गुरुवार, ९ ऑक्टोबर

ती. दादांना नमस्कार.

तुमचं बरोबर आहे. मी दिव्याच्या लाइनवर एक जादा चार्जर जोडला होता. एका दोस्ताचा फोन भरायला. काढून टाकलाय. आता फ्यूज उडत नाही, परवा आणि काल दोन्ही रात्री नीट गेल्या. दहाचा घातला ती तर माझीच चूक, त्याला सबब नाही.

समर्थला हो म्हटलंय. एक नोव्हेंबरला जातो. दिवाळी आईजवळ करून मगच. स्कूटरचं दिवाळीनंतर बघतो.

तुमचा बॉक्स तसाच राहू द्या गाडीवर. तुम्हाला पावसाळ्यात सकाळी चाकणच्या रस्त्यावर तो दिवा लागेल. दिव्याचं बटण हँडलच्या डाव्या बाजूला आहे, तुमच्या अंगठ्याला सापडेल.

गणराज


बुधवार, १५ ऑक्टोबर

चि. गणराज यास अनेक आशीर्वाद.

हा कागद वाचायच्या आधी बस. जिन्यावर बसलास तरी चालेल.

आज शिफ्टवरून आल्यावर दसऱ्याचा हार उतरवायला घेतला. सुकला होता आणि दिवाळीची साफसफाई कस्तुरानं सुरू केली आहे. पक्कड हातात घेऊन गेलो, कारण हार मी बांधकामाच्या तारेनं बांधतो, हाताने ती सुटत नाही. पक्कड लागलीच नाही. तारच नव्हती. हार पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला होता. दुहेरी दोरा, गोधडी शिवायचा, आणि गाठ शेजारी शेजारी दोनदा मारलेली. तशी गाठ तू लहानपणी पतंगाला मारायचास.

मी तिथंच खाली बसलो.

मग हेडलाइटच्या मागं हात घातला. दिव्याच्या वायरीला जिथं मी सैल वळसा ठेवला होता तिथं बोटाला नवीन स्लीव्ह लागली. माझी नव्हे. माझ्या स्लीव्ह काळ्या असतात, ही लाल होती. ती सरकवून पाहिली तर खाली वायरीला तारेनं कापल्याची बारीक खाच. तू ती सोल्डर करून, स्लीव्ह चढवून, गरम करून बसवली होतीस. चांगलं काम होतं. टोकं गोल, कुठं फुगा नाही.

म्हणजे झालं असं. माझ्या तारेचं टोक हँडल डावीकडे वळलं की वायरीत रुतायचं आणि करंट हेडलाइटच्या ब्रॅकेटमधून फ्रेमला जायचा. सकाळी दिवा मी लावतच नाही, म्हणून मला काही झालं नाही. तुला अंधारात व्हायचं. फ्यूज तीनदा उडला तो बरोबर उडला. आणि मी सोमवारी लाइन तपासली तेव्हा हँडल सरळ ठेवून तपासली. वळवून बघितलंच नाही. आपण बांधलेल्या हारामुळे काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण बांधणी माझी होती.

जादा चार्जर कधी नव्हताच. त्या लाइनवर कुठंही कापल्याचा, जोडल्याचा माग नाही. मी भिंगानं बघितलं.

आत जाऊन आईला विचारलं, "गण्यानं तुझ्याकडं दोरा मागितला होता का?"

"व्हय. मंगळवारी का बुधवारी. सुई नको म्हणाला, नुस्ता दोरा."

"कशाला ते सांगितलं का?"

"सांगितलं की. दादाची तार वायरीला लागत होती म्हणाला."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "निरोप पोचवायचे मी बंद केलेत."



तू मला सांगू शकला असतास. माझ्या पत्रावर उलटं पत्र लिहून, तार डब्यात टाकून, "ही बघा तुमची बांधणी" असं म्हणू शकला असतास. तुझ्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, आणि जोरात केलं असतं. तू चूक अंगावर घेतलीस, आणि मी तुला जा म्हटलं तर तू जायची तारीख कळवलीस. आपल्या माणसाला असं खाली पाहायला न लावणं, हे मला या वयातही जमत नाही. तू कुठं शिकलास माहीत नाही. माझ्याकडून तर नक्की नाही.

आता पुढचं. एक नोव्हेंबरला जायचं की राहायचं, हे मी कागदावर लिहिणार नाही. ते तोंडानं बोलायचं आहे. पण गेलास तर गाडी तू घेऊन जा. नवी घेऊ नकोस, हिच्यावर तुझ्या कामाचं सगळं बसवलेलं आहे. मला कंपनीची बस निगडीच्या चौकातून मिळते. खरं तर दोन वर्षांपासूनच मिळते. कंटेनरच्या मधून रोज जीव मुठीत धरून जाण्याचा मला कंटाळा आला आहे, खांदेही आता ऐकत नाहीत. तरी चालवत होतो. आधी हट्ट म्हणून, आणि सप्टेंबरपासून डबा उघडायला मिळतो म्हणून. शिफ्टवर गेल्यावर पार्किंगमध्ये उभा राहून वाचायचो. एकदा हजेरीला उशीर झाला.

गाडी गेली की डबाही जाईल. मग लिहून ठेवायला जागा उरणार नाही.

उद्या गुरुवार आहे, मी घरी आहे. तू उठल्याचा, वरचा नळ सोडल्याचा आवाज खाली येतो. तो आला की मी जिन्याखालून हाक मारीन. आधी कोणी बोलायचं हे ठरलेलं नाही असं तू लिहिलं होतंस, ते चूक आहे. बंद मी केलं होतं, तर सुरूही मीच करायचं. एवढे महिने तुझं नाव तोंडातून निघालेलं नाही, पहिली हाक कशी निघेल सांगता येत नाही. नीट निघाली नाही तर दुसरी मारीन.

ओ दे.

तुझा,
दादा